एक्स-रे दुसऱ्या डॉक्टरांना दाखवताना

या महिन्यात घोडेवाल्या वाचकांची जी पत्रे आली, त्यांतल्या बहुतेकांचा सूर एकच आहे: एका डॉक्टरांनी काढलेला एक्स-रे किंवा सोनोग्राफी दुसऱ्यांना दाखवायची आहे, ती कशी दाखवावी? म्हणून या वेळचे सदर त्यालाच दिले आहे.

प्रश्न : माझी थरोब्रेड घोडी सात वर्षांची आहे. रेसमधून निवृत्त झाल्यावर आता जंपिंग शिकते आहे. तीन आठवड्यांपासून पुढच्या उजव्या पायाने लंगडते. डॉक्टरांनी तबेल्यात येऊन पोर्टेबल मशीनवर एक्स-रे काढले आणि "नेव्हिक्युलर आहे, आता उड्या विसरा" म्हणाले. माझ्याकडे व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले दोन फोटो आहेत. ते कोणाला दाखवू? आणि आमच्या डॉक्टरांना वाईट वाटेल का?
— एक वाचक, हडपसर

उत्तर : त्या दोन फोटोंवर कोणी ठाम मत देत असेल, तर ते घेऊ नका. डिजिटल एक्स-रेची मूळ फाइल डायकॉम स्वरूपात असते. तिच्यात करड्या रंगाच्या हजारो छटा असतात आणि वाचणारा उजेड-अंधार कमीजास्त करून हाडाचा एकेक थर उलगडून पाहतो. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवले की २५६ छटा उरतात, वर चित्र दाबून लहान केलेले. स्क्रीनचा मोबाइलवर काढलेला फोटो असेल तर त्यावर जाळीसारख्या रेघाही येतात. नेव्हिक्युलर म्हणजे खुराच्या आत, टाचेकडे असलेले छोटे हाड. त्यातले बदल नेमके या छटांमध्ये असतात, म्हणजे जे पाहायचे तेच फोटोत गेलेले असते.

तेव्हा आधी मूळ फाइली मागा. एका चित्राची फाइल साधारण १० ते २० एमबीची असते. सगळा फोल्डर झिप करून ड्राइव्हच्या लिंकने पाठवा. व्हॉट्सअ‍ॅपच वापरायचे तर 'डॉक्युमेंट' म्हणून जोडा, गॅलरीतून नव्हे. फोल्डरमध्ये विचित्र नावांच्या, पुढे काहीच एक्स्टेंशन नसलेल्या फाइली दिसतील. त्या कचरा समजून पुसू नका, बहुधा त्याच खऱ्या फाइली असतात. पाठवण्यापूर्वी संगणकावर मायक्रोडायकॉम किंवा मॅकवर होरोस घेऊन एकदा उघडून बघा. कोपऱ्यात घोडीचे नाव, तारीख, पाय डावा की उजवा हे दिसले पाहिजे. पोर्टेबल मशीनवर घाईत काम करताना आधीच्या घोड्याचे नाव तसेच राहून जाते, आणि ही चूक मालकाशिवाय कोणाच्या लक्षात येत नाही.

आता चित्रे किती हवीत? खुराच्या मागच्या भागाचा संशय असेल तर किमान चार: बाजूने काढलेले, समोरून पायावर भार असताना काढलेले, समोरून वरून खाली ६० ते ६५ अंशांत तिरपे काढलेले, आणि टाचेकडून काढलेले स्कायलाइन. शेवटच्यात पाय किंचित मागे ठेवून खुराखाली बोगद्यासारख्या खोक्यात प्लेट सरकवतात आणि किरण मागून येतात. सर्वात जास्त वाद याच चित्रावरून होतात. किरणांचा कोन थोडा चुकला तरी नेव्हिक्युलरची मागची कड आणि आतला पोकळ भाग यांतली सीमा पुसट दिसते, आणि धडधाकट हाड आजारी वाटते. तुमच्याकडे आलेले दोन फोटो बाजूचा आणि समोरचा असतील, तर निम्मी तपासणी अजून झालेलीच नाही, असेही असू शकते.

चित्राचा दर्जा ठरतो तो बटण दाबण्याआधी. नाल काढलेली हवी, कारण तिरप्या चित्रात ती हाडाच्या कडा झाकते. खूर तासून, ब्रशने घासून स्वच्छ केलेला हवा. खडा किंवा वाळू राहिली तर पांढरे ठिपके उमटतात. फ्रॉगच्या, म्हणजे तळव्याच्या मधल्या त्रिकोणी भागाच्या, दोन्ही बाजूंच्या खाचा मुलांच्या प्ले-डोने भरायच्या, नाहीतर खाचेतली हवा नेव्हिक्युलरवर काळी रेघ होऊन बसते आणि हाड मोडल्यासारखे दिसते. अशा रेघेची एक साधी परीक्षा आहे. रेघ हाडाच्या कडेबाहेरही तशीच पुढे जात असेल तर ती हाडाची नाही. पुढचे दोन्ही पाय सारख्या उंचीच्या लाकडी ठोकळ्यांवर हवेत. बाजूच्या चित्रात हाडांच्या कडा दुहेरी दिसत असतील तर ते तिरके आले, ते पुन्हा काढायला हवे. आणि डाव्या पायाचीही हीच चारही चित्रे हवीत. जो बदल दोन्ही पायांत सारखाच आहे पण घोडी एकाच पायाने लंगडते, त्याच्यावर सगळा दोष टाकता येत नाही.

इथे एक गोष्ट जरा जोर देऊन सांगतो. नेव्हिक्युलरच्या खालच्या कडेला बारीक खाचा दिसणे, सांध्याच्या कडेला हाडाची चिमूट वाढलेली असणे, हे मुळीच न लंगडणाऱ्या घोड्यांतही दिसते. उलट एक्स-रे स्वच्छ असून घोडा लंगडतो, कारण खुरात शिरणारा खोल फ्लेक्सर टेंडन (स्नायू हाडाला जोडणारा दोर) आणि तिथले लिगामेंट (हाडे एकमेकांना जोडणारे पट्टे) एक्स-रेत दिसतच नाहीत. त्यांच्यासाठी एमआरआय लागतो. म्हणून 'दुखते कुठे' याचे उत्तर भूल देऊनच मिळते. टाचेजवळच्या दोन्ही बाजूंच्या नसांशी दीड-दोन मिली भूल देतात आणि पाच ते दहा मिनिटांत दुडकी चालवून बघतात. उशीर केला तर भूल वर पसरते आणि उत्तर गढूळ होते. या भुलीने फक्त टाच नाही, जवळजवळ सगळा तळवा बधिर होतो. त्यामुळे खुरातला पू किंवा चेचलेला तळवाही यानेच 'बरा' झालेला दिसतो. पुण्याच्या पावसाळ्यात ओल्या तबेल्यात मऊ पडलेल्या खुरांत पू धरणे नेहमीचे आहे. खुराला चिमटा लावून, नालबंदाकडून तळवा तपासून ते आधी बाद केले आहे का, हे विचारा. भुलीनंतर घोडी एकदम डाव्या पायाने लंगडू लागली, तर दुखणे दोन्हीकडे आहे आणि उजवे फक्त जास्त होते.

दुसऱ्या डॉक्टरांना फाइलींबरोबर व्हिडिओही द्या. कडक जमिनीवर सरळ जाताना-येताना आणि लाँजवर (लांब दोरीवर गोल फिरवत) दोन्ही दिशांना दुडकी, प्रत्येकी १५ सेकंद, मोबाइल आडवा धरून, घोडीचे चारही पाय चौकटीत ठेवून. भुलीआधीचा आणि नंतरचा असे दोन्ही. शिवाय अर्ध्या पानात लिहा: लंगडणे केव्हापासून, एकदम आले की हळूहळू, नाल कधी बदलली, कोणती औषधे किती दिवस दिली, विश्रांतीने फरक पडला का. पहिले निदान मात्र त्या कागदावर लिहू नका, वेगळ्या फाइलमध्ये ठेवा आणि मत आल्यानंतर पाठवा. 'नेव्हिक्युलर' हा शब्द आधी वाचला की डोळा तेच शोधतो, मग तो कितीही अनुभवी असो.

कोणाला दाखवायचे ते प्रश्नावर ठरवा. चित्रात काय आहे एवढेच हवे असेल तर पशुवैद्यकीय रेडिओलॉजिस्ट. अमेरिकन किंवा युरोपियन बोर्डाची पदविका असलेले तज्ज्ञ दूरून चित्रे वाचून लेखी अहवाल देतात, पण तशी केंद्रे बहुधा मालकाकडून थेट घेत नाहीत, डॉक्टरांमार्फतच घेतात. घोडी पुन्हा उडी मारेल का, हा प्रश्न असेल तर तिला प्रत्यक्ष चालताना पाहणारा, लंगडण्याच्या कामात मुरलेला घोड्यांचा डॉक्टर हवा. पुण्यात जुलै ते ऑक्टोबर रेसचा हंगाम असतो, तेव्हा असे डॉक्टर गावात सापडतात. नंतर बरेच घोडे आणि त्यांच्याबरोबरची माणसे मुंबईला जातात. शिरवळचे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आणि परळचे मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय इथे शल्यचिकित्सा व क्ष-किरण विभाग आहेत. जाण्याआधी फोन करून घोड्यांचे काम कोण आणि कोणत्या दिवशी पाहते ते विचारा.

राहिला वाईट वाटण्याचा प्रश्न. लपवून केले तर वाटेल, आणि ते कळतेच, कारण पुण्यात घोड्यांचे डॉक्टर मोजके आणि सगळे एकमेकांना ओळखणारे. सरळ म्हणा, "डॉक्टर, निर्णय मोठा आहे, तुमच्या फाइली आणखी एकांना दाखवायच्या आहेत, चिठ्ठी तुम्हीच लिहून द्याल का?" पुढची औषधे आणि नाल त्यांच्याच देखरेखीखाली होणार आहे. दूर बसलेला तज्ज्ञ मत देतो, रात्री दोन वाजता तबेल्यात तो येत नाही.

प्रश्न : कुरणात दुसऱ्या घोड्याची लाथ लागून आमच्या घोड्याच्या मागच्या डाव्या पायाला, मांडीच्या खाली आतल्या बाजूला जखम झाली. दुसऱ्या दिवशीच्या एक्स-रेत काही नाही असे सांगितले. त्याच चित्रांवर दुसरे डॉक्टर म्हणतात की बारीक चीर असावी. घोडा गाडीत घालून त्यांच्याकडे नेऊ का?
— एक वाचक, थेऊर

उत्तर : नेऊ नका. आतल्या बाजूला टिबिया या मांडीखालच्या हाडावर फक्त कातडी असते, मांसाची गादी नसते. लाथेने तिथे चीर पडते पण हाड जागचे हलत नाही, आणि घोडा कधीकधी बऱ्यापैकी उभाही राहतो. असा घोडा गाडीत तोल सावरताना किंवा खाली बसून उठताना हाडाचे दोन तुकडे करून घेतो. प्रवास चित्रांना करू द्या, घोड्याला नको.

दोन्ही डॉक्टर आपापल्या जागी बरोबर असू शकतात. ताजी चीर केसाएवढी असते आणि किरण तिच्या रेषेत सरळ गेले तरच दिसते. पुढच्या दिवसांत चिरेच्या काठचे हाड विरघळते आणि रेघ रुंद होते, म्हणून १० ते १४ दिवसांनी त्याच जागेची पुन्हा चित्रे काढायची. नेहमीच्या चार कोनांखेरीज जखमेच्या आसपास १०-१५ अंशांनी कोन बदलत आणखी काही काढून घ्या. मात्र टिबियाशेजारच्या फिब्युला या बारीक हाडात आडव्या काळ्या रेघा मुळातच असतात. ते हाड अनेक तुकड्यांत तयार होते आणि ते तुकडे पुष्कळ घोड्यांत कधीच जुळत नाहीत. टिबियाच्या मागच्या कडेला रक्तवाहिनी शिरण्याची तिरपी वाटही असते. दुसऱ्या डॉक्टरांना दिसलेली रेघ नेमकी कोणत्या हाडात आहे, हे बाण काढून मागवा.

तोपर्यंत चीर आहे असेच धरून चाला. खोलीबंद विश्रांती द्या, आणि खाली बसता येऊ नये म्हणून दोन्ही बाजूंनी बांधून ठेवायचे का, ते तुमच्या डॉक्टरांशी आजच बोला. चीर नक्की ठरली तर हे बांधणे काही आठवडे चालते. डोके सतत उंच बांधले की घशातला स्राव खाली वाहत नाही आणि फुफ्फुसाला संसर्ग होतो. म्हणून वैरण खाली ठेवा, दिवसातून बऱ्याच वेळा डोके खाली सोडू द्या, सकाळ-संध्याकाळ ताप मोजा. वेदनाशामक वाढवून घोडा 'मोकळा' करण्याच्या फंदात पडू नका, आणि लंगडणे शोधायची भूल इथे अजिबात नको. दुखते म्हणून तो पाय जपतो, दुखणे हीच त्याची सध्याची पट्टी आहे. जखम महिनाभराने पुन्हा वाहू लागली तर हाडाचा मेलेला तुकडा सुटला असेल, तेव्हा परत एक्स-रे.

प्रश्न : पुढच्या पायाच्या टेंडनची सोनोग्राफी दोन ठिकाणी केली. एकाने टेंडनचा २० टक्के भाग फाटला म्हणून सांगितले, दुसऱ्याने पंधरा दिवसांनी ३५ टक्के. विश्वास कोणावर ठेवू?
— एक वाचक, घोरपडी

उत्तर : आधी तारखा बघा. वरचा फ्लेक्सर टेंडन फाटल्यावर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत जखम वाढू शकते. पहिल्या दोन दिवसांत केलेल्या सोनोग्राफीत ती लहान दिसते. तेव्हा दोन्ही आकडे खरे असण्याची शक्यता चांगली आहे, आणि पुढची तुलना दुसऱ्या सोनोग्राफीशी करायची.

तारखांनी उलगडले नाही तर पद्धत तपासा. टेंडनचे धागे समांतर असतात. प्रोब (सोनोग्राफी मशीनचा कातडीवर टेकवायचा भाग) त्यांच्यावर काटकोनात टेकला तर ते पांढरे दिसतात आणि काही अंश कलला की काळे पडतात. काळे म्हणजे फाटलेले, असा वाचणाऱ्याचा समज होतो. थांबलेल्या चित्रावरून हा फरक दूरच्या माणसाला कळत नाही. म्हणून सोनोग्राफीचे दुसरे मत घ्यायचे तर व्हिडिओ क्लिप लागतात: गुडघ्यामागच्या उंचवट्यापासून फेटलॉकपर्यंत (नळीच्या हाडाखालच्या सांध्यापर्यंत) प्रोब आडवा धरून हळू खाली आणलेला, मग उभा धरून. प्रत्येक क्लिपमध्ये प्रोब थोडा पुढे-मागे कललेला असावा. खरी जखम कोन बदलला तरी काळीच राहते.

मापाची जागाही लिहिलेली हवी. गुडघ्यामागचे ॲक्सेसरी कार्पल हाड हा शून्याचा दगड, तिथून किती सेंटीमीटर खाली हे टेपने मोजून नोंदवतात. एकाने १४ सेंटीमीटरवर मोजले आणि दुसऱ्याने १७ वर, तर ते एकाच टेंडनचे दोन वेगळे भाग आहेत. टक्के कोणी नजरेने सांगितले आणि कोणी कडेने रेघ ओढून क्षेत्रफळ काढून, हेही विचारा. दुसऱ्या पायाचे त्याच पातळीवरचे माप नसेल तर टेंडन सुजून किती जाड झाला, ते कळणार नाही. केस काढलेले, कातडी धुतलेली, जेल लावून पाच-दहा मिनिटे मुरू दिलेले आणि चारही पायांवर भार देऊन उभा असलेला घोडा, एवढे दोन्हीकडे सारखे होते का? नसेल तर सहा आठवड्यांनी एकाच माणसाकडून एकाच मशीनवर पुन्हा करून घ्या. २० असो की ३५, आताची विश्रांती, थंड शेक आणि हाताने चालवणे जवळपास तेच राहते. परत पळायला नऊ महिने ते वर्ष धरा.

प्रश्न : पोनीला लॅमिनायटिस (खुरातल्या अस्तराची सूज) झाला आहे. एका अहवालात हाड ६ अंश फिरल्याचे आहे, दुसऱ्यात ९. सोल (तळवा) किती जाड उरला यावरही एकमत नाही.
— एक वाचक, मुळशी

उत्तर : खुराची समोरची भिंत आणि आतले हाड यांतला कोन मोजताना भिंतीची रेघ कुठून धरली त्यावर तीन अंश सहज इकडेतिकडे होतात, विशेषतः खूर समोरून वाढलेला किंवा ताशलेला असेल तर. त्या तीन अंशांवर वेळ घालवू नका. त्यापेक्षा हाड खाली किती बसले ते विचारा. केसांची रेषा संपून टणक खूर जिथे सुरू होतो तिथपासून हाडाच्या वरच्या टोकापर्यंतचे उभे अंतर हे त्याचे माप. ते आधीपेक्षा वाढत असेल तर ती अंशांपेक्षा वाईट बातमी आहे.

ही मापे खरी यायला तीन गोष्टी लागतात. भिंतीवर मधोमध ठाऊक लांबीची तार, समजा बरोबर ५० मिमीची, चिकटवलेली आणि तिचे वरचे टोक केसांच्या रेषेला नेमके टेकलेले. फ्रॉगच्या टोकाला टोचलेली छोटी टाचणी. आणि किरणांचा मध्य तळव्यापासून दीड-दोन सेंटीमीटर वर. एक्स-रेत पाय मोठा उमटतो. तार नसेल तर मिलिमीटरचा कोणताही आकडा अंदाजाचाच, आणि दोन अहवालांत सोलची जाडी वेगळी येण्याचे कारण बहुधा हेच. सोल साधारण १५ मिमीपेक्षा कमी असेल तर नालबंदाला तळवा तासायला देऊ नका. पुढच्या वेळी नालबंदालाही चित्र दाखवायला बोलवा, काम त्याच्याच हातून व्हायचे आहे.

प्रश्न : ओळखीतले रेडिओलॉजिस्ट आहेत, माणसांचे. त्यांना दाखवले तर चालेल?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : चित्र नीट निघाले आहे का, एवढे ते सांगतील. पण घोड्याचा पुढचा 'गुडघा' म्हणजे आपले मनगट, आणि त्याखालचा अख्खा पाय म्हणजे एकटे मधले बोट. त्या बोटाच्या टोकाला, नखात, कुठली खाच रोजची आणि कुठली आजाराची, हे त्यांनी कधी पाहिलेले नसते.

प्रश्न : सारंगखेड्याच्या यात्रेत पाच वर्षांचा मारवाडी घोडा पसंत केला आहे. विक्रेत्याने पेनड्राइव्हवर एक्स-रे दिले. तेच आमच्या डॉक्टरांना दाखवून व्यवहार करू का?
— एक वाचक, लोणी काळभोर

उत्तर : दाखवा, पण त्यावर व्यवहार करू नका. ती चित्रे याच घोड्याची आहेत, हे पेनड्राइव्हवरून सिद्ध होत नाही. घोड्याला मायक्रोचिप असेल तर तिचा १५ आकडी क्रमांक स्कॅनरने वाचून फाइलीतल्या नोंदीशी जुळवा. चिप नसेल तर अंगावरचे पांढरे पट्टे, भोवरे यांचे त्याच दिवशीचे फोटो काढून ठेवा आणि आपल्या डॉक्टरांकडून नवी चित्रे घ्या: पुढचे दोन्ही खूर, चारही फेटलॉक, दोन्ही हॉक (मागच्या पायांचे घोटे). इसार द्यायचाच तर 'एक्स-रेनंतर पक्के' असे लिहून द्या.

पेनड्राइव्हवर पुढच्या गुडघ्याचे चित्र असेल तर मात्र एक गंमत नक्की करून बघा. गुडघ्यावरच्या रेडियस हाडाच्या खालच्या टोकाला, सांध्याच्या जरा वर, वाढीची आडवी काळी रेघ असते. ती दोन ते साडेतीन वर्षांच्या दरम्यान बुजते. रेघ ठळक उघडी दिसत असेल आणि फाइलीवरची तारीख गेल्या महिन्याची असेल, तर एकतर घोडा पाच वर्षांचा नाही, किंवा पाय त्याचा नाही.